उवांचा ताप आणि मातीतले औषध



आपल्याकडे तापाला नावे पुष्कळ आहेत. थंडी वाजून येतो तो हिवताप. तीन-तीन आठवडे हटत नाही तो मुदतीचा ताप. त्यालाच पुस्तकात विषमज्वर आणि दवाखान्यात टायफॉइड म्हणतात. 'टायफस' हा शब्द मात्र आपल्या धाराशिव जिल्ह्यात फारसा कुणाच्या कानावरून गेलेला नसतो. गेलाच, तर सांगणाऱ्याने टायफॉइडच चुकीचा उच्चारला असावा, असे वाटते.

ही गफलत आपलीच आहे असे नाही. टायफस हा शब्द मूळ ग्रीक भाषेतला. त्याचा अर्थ धूर किंवा धुके. डोके धुक्याने भरल्यासारखे होऊन रोगी बडबडू लागतो, म्हणून या तापाला ते नाव पडले. मराठीतही त्याला प्रलापक ज्वर असे नाव दिलेले आहे, तेही याच लक्षणावरून. आणि टायफॉइड म्हणजे काय? तर 'टायफससारखा'. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या नामांकित वैद्यांनाही हे दोन ताप वेगळे आहेत, हे नीट उमगलेले नव्हते. एक ताप दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातो. दुसरा अंगावरच्या कपड्यांतून येतो. तो आणणारा प्राणी आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे आणि चारचौघांत त्याचे नाव घ्यायला आपण लाजतो. तो प्राणी म्हणजे ऊ.

आजची हकीकत या उवांच्या तापाची आहे. तो कसा ओळखला गेला, त्यावर औषध कसे सापडले, आणि त्यात आपल्या महाराष्ट्राचा वाटा कोणता, हे आपण पाहू.

आधी उवांविषयी थोडे सांगितले पाहिजे. डोक्यातली ऊ वेगळी आणि कपड्यातली ऊ वेगळी. दिसायला दोघी बहिणी, पण राहणी निराळी. डोक्यातली ऊ केसांत राहते आणि केसांनाच लिखा चिकटवते. कपड्यातली ऊ अंगरख्याच्या शिवणीत, गोधडीच्या टाक्यांत राहते. अंडी तिथेच घालते आणि भूक लागली की अंगावर येऊन रक्त पिते. टायफसच्या साथी पसरवते ती ही दुसरी. तिला तीन गोष्टी लागतात: थंडी, गर्दी, आणि दिवसेंदिवस न बदललेले कपडे. या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे, म्हणजे तुरुंगात, सैन्याच्या छावणीत, दुष्काळाच्या आणि निर्वासितांच्या तळावर, ती माजते. आपल्या दख्खनच्या उन्हात माणूस पातळ कपडा वापरतो, तो वरचेवर धुतो आणि कडक उन्हात वाळवतो. म्हणून हा ताप हिमालयाच्या थंड भागात जसा घर करून राहिला, तसा आपल्याकडे राहिला नाही.

या उवेची एक खोड ध्यानात ठेवा, कारण साऱ्या साथीचे मर्म तिच्यात आहे. तिला निरोगी माणसाच्या अंगाची ऊब मानवते. माणसाला जोराचा ताप चढला की ती ऊब तिला सोसत नाही. ती त्याला सोडून शेजाऱ्याकडे जाते. माणूस मेला आणि अंग गार पडले, तरीही ती निघून जाते. म्हणजे आजाऱ्याच्या कुशीला जो झोपतो, किंवा मेलेल्याची घोंगडी जो पांघरतो, त्याच्याकडे ऊ येते आणि तिच्याबरोबर रोग येतो.

आता आपण मागे जाऊ, १८७६ सालात. त्या साली पाऊस गेला आणि दख्खनवर मोठा दुष्काळ पडला. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात नळदुर्ग जिल्हा म्हणून ओळखला जाई. पलीकडे सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा, विजापूर हे इंग्रजी मुलुख. तिथे सरकारने दुष्काळी कामे काढली. पण खर्च वाचवण्याच्या नादात सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने मजुरी घटवली. खडी फोडणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर एक आणा! एक रत्तल म्हणजे आजच्या मापाने अर्धा किलोही भरत नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या मजुरीविरुद्ध सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. हजारो मजूर कामे सोडून गेले. आणि जथेच्या जथे पायी चालत मुंबईच्या वाटेला लागले.

त्या जथ्यांबरोबर मुंबईत एक ताप आला. पाच-सात दिवस अंग भाजून काढायचा आणि एकाएकी उतरायचा. रोगी उठून बसला, घरच्यांनी देवापुढे नारळ फोडला, की आठवड्याने ताप पुन्हा उलटायचा. पुस्तकी भाषेत याला आवर्ती ज्वर म्हणतात. आपण त्याला उलटता ताप म्हणू. हा टायफस नव्हे. दोघांचे जंतू अगदी वेगळे. पण दोघांचे वाहन एकच, ते म्हणजे कपड्यातली ऊ. म्हणून एकाची गोष्ट दुसऱ्यावाचून सांगता येत नाही.

मुंबईत तेव्हा हेन्री व्हॅन्डाइक कार्टर नावाचा डॉक्टर होता. हा माणूस मोठा विलक्षण. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना 'ग्रेज अॅनाटॉमी' हा शरीररचनेचा ग्रंथ ठाऊक असतो. १८५८ साली निघालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतली चित्रे या कार्टरने काढली होती. ग्रंथाला नाव ग्रेचे लागले आणि कार्टर मुंबईला येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला. काही वर्षे तो साताऱ्यालाही सरकारी डॉक्टर होता. १८७७ मध्ये त्याने दुष्काळग्रस्तांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा त्याला त्यात मळसूत्रासारखे पिळाचे, वळवळणारे जंतू दिसले. असे जंतू बर्लिनच्या ओबरमायरने जगापुढे मांडून चारच वर्षे झाली होती. कार्टरने ते रक्त माकडांना टोचून त्यांच्यात ताप उत्पन्न करून दाखवला. या कामात त्याला स्वतःलाही तोच ताप भरला. त्यातून तो उठला आणि १८८२ मध्ये त्याने या तापावर एक ग्रंथच लिहिला.

जंतू सापडला. पण तो एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो कसा, हे कोडे सुटेना. कुणी हवेवर संशय घेई, कुणी घाणीवर, कुणी ढेकणांवर. आणि बहुतेकांचा संशय अखेर एकाच ठिकाणी येऊन थांबे: हे लोकच गलिच्छ! दुष्काळाने ज्याच्या घरातले धान्य, बैल आणि भांडीही गेली, ज्याच्याजवळ अंगावरचा एकच कपडा उरला, त्याला 'तू कपडे का बदलत नाहीस' असे विचारण्यासारखे ते होते.

हे कोडे पुढे सुटले ते आपल्या नाशिकला. १९०७ साली तिथे एका मिशनच्या वस्तीत उलटत्या तापाची साथ आली. तिथे मुलगे आणि मुली वेगवेगळ्या राहत. तपासाला आलेला डॉक्टर पर्सिव्हल मॅकी याच्या लक्षात एक चमत्कारिक गोष्ट आली. साथ एकच, आवार एकच. पण मुलगे भराभर आजारी पडत होते आणि मुलींत मात्र रोग बेताचा होता. असे का? तो रागावत किंवा उपदेश करत बसला नाही. त्याने फरक शोधला. मुलग्यांच्या कपड्यांत उवा फार होत्या, मुलींच्या कपड्यांत थोड्या. मग त्याने दोन्हीकडच्या उवा गोळा करून त्यांची पोटे तपासली. मुलग्यांकडच्या उवांपैकी पुष्कळ उवांत तेच पिळाचे जंतू वळवळत होते. मुलींकडच्या फार थोड्या उवांत ते मिळाले. निष्कर्ष उघड होता. हा ताप ऊ वाहून नेते.

तो शोध त्याच वर्षी छापून प्रसिद्ध झाला. हाच मॅकी पुढे परळच्या प्रयोगशाळेचा संचालक झाला. त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले.

नाशिकनंतर दोनच वर्षांनी, १९०९ साली, टायफसचेही कोडे सुटले. ठिकाण होते उत्तर आफ्रिकेतले ट्युनिस शहर. तिथल्या चार्ल्स निकोल या फ्रेंच डॉक्टरला एक गोष्ट सतावत होती. टायफसचा रोगी इस्पितळाच्या दारापर्यंत येतो तोवर त्याच्यापासून सर्वांना धोका असतो. त्याला दाखल करून घेणारे नोकर आणि त्याचे कपडे धुणारे धोबी आजारी पडतात. पण एकदा त्याला न्हाऊ घालून, इस्पितळाचे कपडे देऊन आत खाटेवर निजवले, की शेजारच्या रोग्याला काहीही होत नाही. मग दारात असे काय राहून जाते? कपडे! आणि कपड्यांत काय असते? निकोलने माकडांवर प्रयोग करून उवेचा गुन्हा शाबीत केला. या कामासाठी त्याला १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या शोधापायी माणसांचे बळीही गेले. टायफसचा जंतू शोधता शोधता अमेरिकेचा हॉवर्ड रिकेट्स १९१० मध्ये मेक्सिकोत टायफसनेच मेला. युरोपातला स्टानिस्लाउस प्रोवाझेक १९१५ मध्ये युद्धकैद्यांच्या छावणीत काम करताना त्याच तापाने गेला. प्रोवाझेकचा सहकारी दा रोशा लिमा यालाही ताप आला होता, पण तो वाचला. १९१६ मध्ये त्याने या जंतूला 'रिकेट्सिया प्रोवाझेकी' असे नाव दिले. दोन्ही मृत संशोधक त्या एका नावात राहिले.

तुम्ही विचाराल, ऊ चावते म्हणून रोग होतो का? नाही. ही गोष्ट शिक्षकांनी मुलांना मुद्दाम सांगावी. टायफसचा जंतू उवेच्या विष्ठेतून बाहेर पडतो. ऊ चावली की खाज सुटते, माणूस खाजवतो, आणि नखाने ती घाण कातडीच्या ओरखड्यात शिरते. उलटत्या तापाचा जंतू उवेच्या अंगात कोंडलेला असतो. ऊ चिरडली की तो मोकळा होतो. म्हणजे अंगठ्याच्या नखावर ऊ चिरडणे हा जो आपला जुना उपाय, तोच अशा साथीत घातक ठरतो. आणखी एक नवल ऐका. टायफसचा जंतू पोटात गेला की ती ऊही जगत नाही. माणसाला मारणारा रोग तिलाही मारतो.

रोगाचे कारण कळले तरी औषध नव्हते. बिनउपचाराच्या टायफसमध्ये १०० पैकी १० ते ४० रोगी दगावतात. पहिल्या महायुद्धानंतर रशियात या एका तापाने अंदाजे २५ ते ३० लाख माणसे मेली. १९४५ मध्ये जर्मनीतल्या छळछावणीत अॅन फ्रँक ही रोजनिशी लिहिणारी मुलगी गेली, तेव्हा त्या छावणीत टायफसचीच साथ होती. १९४३-४४ च्या हिवाळ्यात इटलीतल्या नेपल्स शहरात लाखो लोकांच्या कपड्यांत डीडीटीची भुकटी फुंकून साथ थांबवण्यात आली, ही मोठी गोष्ट झाली. पण ते उवांवरचे औषध, आजाऱ्यावरचे नव्हे. आणि पुढे कोरियाच्या युद्धात, १९५१ च्या सुमारास, उवा डीडीटीलाही दाद देईनाशा झाल्या.

मग पेनिसिलिन चालले नसते का? १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती. पेनिसिलिनचे इंजेक्शन म्हणजे खेड्यापाड्यात जादू वाटू लागली. पण टायफसवर ही जादू चालत नाही. का, ते एका दाखल्याने सांगतो. साधे जंतू म्हणजे वाड्याच्या अंगणात शिरलेले चोर. राखणदार त्यांना सहज गाठतो. टायफसचा जंतू अंगणात थांबत नाही. तो थेट माळघरात शिरून कणगीत लपतो, म्हणजे शरीराच्या पेशींच्या आत जाऊन बसतो. पेनिसिलिन अंगणातला राखणदार आहे. इथे कणगीत हात घालणारा पाहिजे.

असा राखणदार सापडला तो मातीत. मृगाचा पहिला पाऊस पडला की काळ्या रानातून जो वास उठतो, तो तुम्हां-आम्हां सर्वांना वेड लावतो. तो वास नुसत्या मातीचा नसतो. मातीत राहणारे स्ट्रेप्टोमायसिस नावाचे बारीक जीव तो तयार करतात. याच कुळातले जीव आपल्या शत्रू-जंतूंना दूर ठेवण्यासाठी विषेही बनवतात, आणि त्यांतली काही विषे माणसाच्या कामी येतात.

१९४७ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या व्हेनेझुएला देशाच्या मातीतून असेच एक औषध हाती आले: क्लोरोमायसेटिन, म्हणजेच क्लोरॅम्फेनिकॉल. त्याच वर्षाच्या अखेरीस बोलिव्हियात टायफसच्या रोग्यांवर ते वापरले गेले आणि मरणाच्या दारातली माणसे उठून बसली. १९४८ मध्ये अमेरिकेचे डॉक्टर जोसेफ स्मॅडेल आणि त्यांचे सहकारी ते घेऊन मलायात क्वालालंपूरला गेले. तिथे टायफसचा एक भाऊबंद होता, स्क्रब टायफस. त्याच्यावर औषध उत्तम लागू पडले. आणि तिथे एक गंमत झाली. टायफस समजून ज्यांना औषध दिले, त्यांतल्या एक-दोघांना प्रत्यक्षात टायफॉइड होता, आणि तेही बरे झाले! ज्या दोन तापांच्या गफलतीने शतकानुशतके घोटाळा केला, त्याच गफलतीने या वेळी उपकार केला. आपल्याकडच्या मुदतीच्या तापावर पहिले खरे औषध मिळाले ते असे. पुढे अनेक वर्षे कितीतरी घरांतली पोरे क्लोरोमायसेटिनने वाचली. या औषधामुळे क्वचित एखाद्याच्या शरीरात रक्त तयार होणेच थांबते, हे नंतर कळले, आणि त्याचा वापर कमी झाला.

त्याच १९४८ साली दुसरे औषध जगापुढे आले. ते अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या शेतातल्या मातीतून सापडले होते. शोधणारे बेंजामिन डग्गर सत्तरी उलटलेले वनस्पतिशास्त्रज्ञ होते. औषधाचा रंग सोन्यासारखा पिवळा, म्हणून नाव ऑरिओमायसिन. टेट्रासायक्लिन या औषधांच्या घराण्यातले हे पहिले. डग्गर ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत काम करत, तिच्या संशोधनाचे प्रमुख होते आपले येल्लाप्रगड सुब्बाराव. आंध्रातल्या भीमावरमला १८९५ साली जन्मलेला हा माणूस १९२३ मध्ये अमेरिकेला गेला आणि तिथेच कामात बुडून गेला. ऑरिओमायसिन जगापुढे आले त्याच वर्षी, ऑगस्ट १९४८ मध्ये, ते वारले. टायफसच्या घराण्यातल्या तापांवर हे औषध गुणकारी ठरले. कणगीत लपलेल्या चोराला ते आत जाऊन गाठते आणि जगण्यासाठी लागणारी प्रथिने त्याला बनवू देत नाही.

टेट्रासायक्लिनच्याच घराण्यात १९६७ साली डॉक्सिसायक्लिन वापरात आले. ते शरीरात बराच वेळ टिकते. हा गुण फार मोलाचा ठरला. का, ते पाहा. निर्वासितांच्या तळावर हजारो माणसे, डॉक्टर दोन. दिवसातून चार वेळा, आठवडाभर, प्रत्येकाला गोळी कोण देणार? एका गोळीत काम भागेल का? इथिओपियाच्या थंड डोंगराळ मुलुखात टायफस आणि उलटता ताप दोन्ही होते. तिथे डॉक्टरांनी याची परीक्षा घेतली आणि १९७४ मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला. डॉक्सिसायक्लिनची एकच मात्रा दोन्ही तापांवर लागू पडत होती. मुंबईत कार्टरने पाहिलेला ताप आणि ट्युनिसला निकोलने पाहिलेला ताप, दोन्ही एका गोळीच्या टप्प्यात आले.

उलटत्या तापात एक सावधगिरी मात्र घ्यावी लागते. औषध पोटात गेले की जंतू एकदम मरतात, आणि काही तासांत रोग्याला हुडहुडी भरून ताप आणखी चढतो, रक्तदाब उतरतो. नातेवाइकांना वाटते, औषधाने घात केला. प्रत्यक्षात औषध लागू पडल्याची ती खूण असते. पण तेवढे तास डॉक्टरांची नजर रोग्यावर असावी लागते.

गोळीची खरी परीक्षा पुढे बुरुंडीत झाली. आफ्रिकेतल्या या डोंगराळ देशात १९९३ पासून यादवी माजली. १९९५ मध्ये तिथल्या एका तुरुंगात टायफस दिसला. त्यानंतर निर्वासितांच्या तळांवर तो पसरला, आणि १९९७ मध्ये संशयित रोग्यांची संख्या ४० हजारांच्या वर गेली. जग म्हणत होते, हा रोग आता इतिहासजमा झाला. पण थंडी, गर्दी आणि एकच कपडा या तीन गोष्टी जमताच तो परत आला. डॉक्सिसायक्लिनची २०० मिलिग्रॅमची एकेक मात्रा देण्यात आली आणि मरणाचे प्रमाण घटले. पण उवा होत्या तिथेच राहिल्या. कारण अंगावरचा कपडा बदलायला दुसरा कपडा गोळीतून मिळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे झाले परदेशाचे. आमच्या तुळजापूर-परंड्याला, भूम-वाशीला याचे काय? दोन गोष्टींसाठी ही कहाणी आपण जवळची मानावी, असे मला वाटते.

पहिली गोष्ट स्क्रब टायफसची. मलायात भेटलेला हा भाऊबंद महाराष्ट्रातही आहे. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात त्याची साथ आली आणि काही माणसे दगावली. त्याचे वाहन ऊ नव्हे. गवतात आणि झुडपांत राहणाऱ्या चिगर नावाच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किड्यापासून तो होतो. दोन्ही तापांचे जंतू आता वेगळ्या जातींत धरतात, पण वागणूक तीच: पेशीत लपण्याची. किडा चावल्याच्या जागी पुष्कळदा काळी खपली धरते, विडीचा चटका बसावा तशी. ती काखेत, जांघेत, कमरेच्या करगोट्याखाली असते आणि दुखत नाही, म्हणून रोग्याच्याही ध्यानात येत नाही. पावसाळ्यात किंवा त्यानंतर गवतात वावरलेल्या माणसाचा ताप चार-पाच दिवसांत उतरला नाही, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे आणि अशी खपली शोधून दाखवावी. औषध तेच, डॉक्सिसायक्लिन. आपल्या देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत ते आहे आणि महागही नाही. पण ते मनाने घेऊ नये. किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचे. संशोधन अजून थांबलेले नाही. भारतातल्या इस्पितळांत गंभीर स्क्रब टायफसच्या ७९४ रोग्यांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. शिरेतून डॉक्सिसायक्लिन आणि अॅझिथ्रोमायसिन ही दोन्ही औषधे मिळून दिली, तर एकट्या-दुकट्या औषधापेक्षा रोग्यांची गुंतागुंत कमी होते, असे त्यात दिसून आले.

दुसरी गोष्ट मुख्यतः शिक्षकांसाठी आहे. मी चौथीत असताना आमच्या वर्गात ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबातली एक मुलगी होती. तिच्या डोक्यात उवा निघाल्या. गुरुजींनी तिला वर्गासमोर उभे करून सांगितले आणि भिंतीकडे वेगळे बसवले. आम्ही पोरे हसलो. मीही हसलो. चार दिवसांनी ती शाळेत यायची बंद झाली आणि पुन्हा आली नाही. तिच्या डोक्यातल्या उवांनी कुणाला टायफस होणार नव्हता. डोक्यातल्या उवा वर्गात एका डोक्यावरून दुसऱ्यावर जातात हे खरे, त्यांचा बंदोबस्त करायलाच हवा हेही खरे. पण त्याला बारीक दातांची फणी लागते, आरोग्य केंद्रातले औषध लागते, आणि त्या मुलीबरोबर घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच वेळी पाहावी लागतात. तिला वेगळे बसवून उवा गेल्या नाहीत. शाळा मात्र गेली.

म्हणून मला नाशिकचा तो मॅकी मोठा वाटतो. त्याच्यापुढेही उवांनी भरलेली मुले होती. 'तुम्ही अस्वच्छ आहात' हे वाक्य त्याला सहज म्हणता आले असते, आणि मग शोध तिथेच संपला असता. 'यांच्या आणि त्यांच्या कपड्यांत फरक काय?' असा प्रश्न त्याने विचारला, म्हणून उत्तर मिळाले. निकोलनेही रोग्याला दोष दिला नाही. त्याने दारात उतरवलेल्या कपड्यांकडे पाहिले.

आपल्या घरातल्या जुन्या बायांना जंतूचे नाव ठाऊक नव्हते. तरी आजाऱ्याचे कपडे त्या चुलीवरच्या हंड्यात उकळत, आणि वाकळा काढून दिवसभर कडक उन्हात टाकत. उकळत्या पाण्याने कपड्यातली ऊ आणि तिची अंडी दोन्ही मरतात. आठ-दहा दिवस न घातलेल्या कपड्यात उपाशी ऊ जगत नाही. पण यासाठी पाणी लागते, सरपण लागते आणि बदलायला दुसरा कपडा लागतो. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला स्वच्छतेचा उपदेश करण्याआधी एवढे लक्षात ठेवावे.

शिक्षकांना एक सुचवतो. येत्या पावसाळ्यात पहिला पाऊस पडून मातीचा वास सुटला, की त्या दिवशी मुलांना शाळेबाहेर न्यावे. मूठभर माती त्यांच्या हातात द्यावी आणि ही हकीकत सांगावी: या मातीत राहणाऱ्या जिवांनी बनवलेल्या औषधाने जगभर तापाची माणसे वाचवली, आणि ज्या प्रयोगशाळेत त्यातले एक औषध सापडले तिथे एक भारतीय संशोधनाचा प्रमुख होता. मग वर्गात परत आल्यावर, ज्या मुलाला वा मुलीला मागे वेगळे बसवले असेल, त्याला पुढच्या रांगेत जागा करून द्यावी.